टेकडीमागची वस्ती

संग्रहालयातल्या बाईंचं अर्धं आयुष्य जुने नकाशे वाचण्यात गेलं होतं. नवरा चेष्टा करायचा, "हिला तीनशे वर्षांपूर्वीचे रस्ते तोंडपाठ, आणि भाजी आणायला गेली की गल्ली चुकते!"

नदीच्या एका नकाशावर तर त्यांचा फार जीव. तो काढणारा नावेत बसून काढत गेला होता, हे त्यांनीच शोधलं होतं. काठावरची झाडं, बुरूज, धक्के, सगळं पाण्यातून दिसतं तसं उभं काढलेलं. टेकडीमागे मात्र नुसता कोरा कागद.

खाणवाल्यांनी टेकडीमागच्या जमिनीवर हक्क सांगितला, तेव्हा तिथं कधी वस्ती नव्हतीच, याचा पुरावा म्हणून त्यांनी हाच नकाशा कोर्टात आणला. वस्तीतले लोक म्हणत, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला बाई मोठ्या उमेदीनं उभ्या राहिल्या.

खाणीच्या वकिलानं अगदी गोड आवाजात विचारलं, "नकाशा अस्सल आहे ना?"

"आहे. पण काढणारा नावेत होता. टेकडीपलीकडचं त्याला दिसणंच शक्य नव्हतं."

"म्हणजे तिथं वस्ती होती, असं तुम्ही छातीठोक सांगता?"

"या नकाशावरून तसं सांगता येत नाही. पण नव्हती, असंही..."

"बस्स, एवढंच हवं होतं."

बाहेर व्हरांड्यात वस्तीतल्या म्हाताऱ्या सुतारानं त्यांना गाठलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना जड गेलं.

"ताई, त्यानं नाही काढलं तर नाही. तुम्ही काढा की. तुम्हाला येतं ना?"

"काका, मी काढलेला नवा ठरेल. तो कोर्टात कोण धरणार?"

"आणि आम्ही? आम्हीपण नवेच?"

निकाल वस्तीच्या विरोधात गेला. पुढच्या कोर्टात जायची ताकद कुणात उरली नव्हती. घरं रिकामी करायच्या दिवशी बाई तिथं गेल्या. कशाला, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. जो तो आपापल्या सामानात बुडालेला. सुतार सोबत न्यायला आपल्या दाराची चौकट उखडत होता. बाईंना बघून त्यानं नुसती मान हलवली.

"ही बाजू धरा जरा. हलू देऊ नका."

बाईंनी दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरली. पहार बसली, भिंतीची माती त्यांच्या मनगटांवर ओघळली, आणि चौकट अलगद सुटून त्यांच्या अंगावर रेलली.