पलीकडून ओ येईपर्यंत

कपाटाचं दार हळू उघडा, मित्रांनो. मी दचकतो. मी एक जुना, करड्या पत्र्याचा डबा आहे आणि जन्माचा भित्रा आहे. आकाराने जेवणाच्या डब्याएवढा. पाठीला दोन वायरी आणि पुढे एक हिरवा दिवा, एवढाच माझा संसार होता.

आम्ही दोघे जुळे भाऊ. एकाच खोक्यातून पुण्याहून आलो. मग मला इंदापूरच्या छोट्या दवाखान्यात बसवलं आणि त्याला बारामतीच्या मोठ्या. दोन्ही दवाखाने डॉक्टर इंदिराबाईंचे. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल होतं ते. कॉम्प्युटरच्या खोलीत लोक चपला काढून येत.

आमचं काम सांगतो. इंदापूरचा कॉम्प्युटर जे बोलेल ते मी पाकिटात घालायचो आणि टेलिफोन खात्याच्या तारेत सोडायचो. वाटेत खांब, एक्सचेंज, परक्या लोकांचे हजारो निरोप, आणि त्या गर्दीतून आमच्यापुरता एक काळोखा बोगदा. पलीकडे माझा भाऊ पाकीट फोडायचा आणि आतलं जसंच्या तसं बारामतीच्या कॉम्प्युटरच्या हाती द्यायचा. दोन्ही कॉम्प्युटरना वाटायचं, आपण एकाच खोलीत बसलो आहोत. मध्ये आम्ही आहोत हे त्यांना कळूच नये, यातच आमची हुशारी. लोक या हुशारीचं फार कौतुक करायचे.

मला मात्र त्या हुशारीचीच धास्ती वाटायची. दुसऱ्याचं बोलणं पोचवायचं, स्वतःचं काही बोलायचं नाही, अशी आमची घडण. भावाला साधं 'कसा आहेस?' एवढंही मी कधी विचारू शकलो नाही. विजांना, उंदरांना, झाडू मारताना वायरीत अडकणाऱ्या पायांना मी घाबरायचोच. पण सगळ्यांत जास्त घाबरायचो माझ्याच दिव्याला. माझी इकडची वायर नीट आहे, एवढंच तो सांगायचा. पलीकडे कुणी ऐकतंय का, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि लोक तर त्याच्याकडे पाहूनच निर्धास्त व्हायचे.

व्हायचं ते खंडेनवमीला झालं. त्या दिवशी आपल्याकडे कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या योगिनीताईंनी सकाळीच मला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मला बंद मात्र केलं नाही.

दुपारी बिरदेव आबा त्यांच्या लेकीला, सुकन्याला, घेऊन आले. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आली होती. मुलगी झाली, चांगली खणखणीत रडली, पण सुकन्याचं रक्त थांबेना. इंदिराबाई आतून ओरडल्या, "योगिनी, बारामतीला कळव! बी निगेटिव्ह, दोन बाटल्या. जीप ताबडतोब निघू दे!"

योगिनीताईंनी भराभरा निरोप लिहिला. पडद्यावर उमटलं, 'निरोप पाठवला'. त्यांनी माझ्या हिरव्यागार दिव्याकडे पाहिलं आणि सुटकेचा सुस्कारा सोडला.

माझी मात्र गाळण उडाली. एरवी बारामतीचा कॉम्प्युटर गप्प बसत नाही, काही ना काही पुटपुटत असतो. आज सकाळपासून बोगद्यातून चकार शब्द आला नव्हता. मला ओरडावंसं वाटलं. निदान दिवा तरी विझवावा, म्हणजे योगिनीताई फोनकडे धावतील. पण तेही माझ्या हातात नव्हतं. आत एक बाई मरत होती आणि मी हिरवा उजेड पाडत होतो.

बिरदेव आबा दारात उकिडवे बसले होते. त्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. त्यांनी विचारलं, "पोरी, तितनं ओ आली का?"

"निरोप गेलाय, आबा. दिवा बघा की, चालू हाय."

"दिवा हाय गं. पर मानूस हाय का तितं? आमी माळावर हाक मारली, का पलीकडनं ओ आल्याबिगर जागचं हालत न्हाय."

योगिनीताई ताडकन उठल्या. त्यांनी फोन उचलला. किती वेळ तो नुसता वाजत राहिला! शेवटी बारामतीच्या दादासोंनी घेतला. तिकडचा कॉम्प्युटर तेच सांभाळायचे.

"निरोप? न्हाय बा, ताई. आज खंडेनवमी न्हाय का? कॉम्प्युटरची वायर काढून, पुसूनपासून हार घातलाय त्याला. उद्या चालू करनार."

म्हणजे माझा भाऊ तिकडे निरोप हातात धरून उभा होता आणि घ्यायला कुणी नव्हतं.

"हार ऱ्हाऊ द्या, दादासो!" योगिनीताईंचा आवाज फाटला. "बी निगेटिव्ह, दोन बाटल्या! पोरगी चाललीय हितं!"

मग वाट पाहणं सुरू झालं. इतका मी कधीच भ्यालो नव्हतो. आबा तान्हीला मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत बसले. दिवस कलला तेव्हा जीप आली. दादासो स्वतः बाटल्या छातीशी धरून उतरले. त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर ओघळलं होतं. "हाय न्हवं पोरगी?" त्यांनी दारातूनच विचारलं.

होती. दिवेलागणीला सुकन्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

त्या दिवशी इंदिराबाईंनी दोन्हीकडे ताकीद दिली. निरोप मिळाला की माणसाने स्वतः 'ओ' लिहून पाठवायचं. ते आलं नाही तर सरळ फोन उचलायचा. दसऱ्याच्या सकाळी बारामतीहून दादासोंचा पहिला निरोप आला. एकच अक्षर होतं, पण ते पोचवताना मला रडू येत होतं.

पुढे नवी यंत्रं आली. भावालाही आणून या कपाटात टाकलं. आता आम्ही एकाच फळीवर आहोत, वीतभर अंतरावर. मध्ये वायर नाही, दिवे विझलेले. मी त्याला रोज हाक मारतो.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसलीत तर बरं वाटेल. पण त्याहून मोठं मागणं असं, की कुणी हाक मारली तर ओ द्या. नुसता दिवा पाहून पलीकडचा माणूस बरा आहे असं समजू नका. आणि दार लावण्याआधी एक काम करा. माझ्या भावाला सांगा, मी हाक मारतोय. मला ते कधीच सांगता आलं नाही.