नळीमागच्या पाच रेघा

कोसमटोल्याच्या समाजमंदिरासमोर त्या रविवारी जेवढी माणसे जमली होती, तेवढी मी मतदानाच्या दिवशीही पाहिलेली नाहीत. धानोऱ्याच्या रस्त्यावर जीपगाड्यांची रांग लागली होती. मोहफुले वेचायचे दिवस असूनही टोपल्या घरीच राहिल्या होत्या. गर्दीच्या मध्ये एक टेबल, टेबलावर काचेच्या नळ्या, नळ्यांमागे पाच काळ्या रेघा छापलेला पांढरा कागद आणि कागदामागे सोमाजी महाराज.

त्या रेघा आमच्या भागात कोणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणी शिबिरात बोट टोचून रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकतात. द्रावण स्वच्छ राहून मागच्या रेघा दिसल्या, तर चिंता नाही. ते गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या, तर पुढची तपासणी, मग कार्ड, आणि ज्यांच्या नशिबी पूर्ण आजार असेल त्यांना जन्मभराचे दुखणे. 'रेघा दिसल्या का?' हे आमच्याकडे सोयरीक जुळवतानाही विचारतात. महाराजांची हुशारी अशी, की चमत्कारासाठी त्यांनी कवटी आणली नाही की नागाचा फणा आणला नाही. लोकांचा ज्या वस्तूवर आधीच विश्वास होता, तीच त्यांनी उचलली.

"सरकारचीच नळी, सरकारच्याच रेघा!" महाराज गरजले. "रक्त तुमचं, डोळे तुमचे, भस्म तेवढं देवीचं! माझ्या गुरूंनी हिमालयात चौदा वर्षं उभं राहून मिळवलेलं!"

सकाळच्या पहिल्या प्रवचनात हेच गुरू अमरकंटकला बसून होते. पण गुरूंच्या प्रवासाचा हिशेब तिथे माझ्याखेरीज कोणी ठेवत नव्हते.

माझ्या घरासमोर राहणारी गुणाबाई आपल्या मुलीला घेऊन पुढे आली. दिव्यानी अकरा वर्षांची, सहावीत, पण दिसायला आठ वर्षांची; पूर्ण आजाराची, रोज दवाखान्याची कॅप्सूल घेणारी. तिच्या बोटातला थेंब नळीत पडला, नळी गढूळ झाली, पाचही रेघा नाहीशा झाल्या. महाराजांनी चिमूटभर पांढरे भस्म आत टाकले, अंगठ्याने तोंड दाबून नळी हलवली आणि वर धरली. पहिली रेघ दिसली, मग दुसरी, मग पाचही. लोक ओरडू लागले. गुणाबाईने नळी हातात घेतली आणि तिला रडू फुटले.

"गार लागून राह्यली, बाप्पा! बर्फावानी गार!"

"देवीनं हात ठेवला, बाई. एकवीस पुड्या घे. आणि दवाखान्याच्या त्या कॅप्सूल नाल्यात सोड. दोन दवा एका अंगात भांडतात."

मी मागे, आंब्याखाली एकटाच उभा होतो. हातचलाखी शोधायची सवय असलेल्या माणसाने तिथे हार मानली असती. नळी खरी होती, रक्त खरे होते आणि गढूळपणा खरोखरच गेला होता. मला ते ठाऊक होते, कारण नागपूरच्या एका प्रयोगशाळेत औषधी रसायनशास्त्रात माझी तीस वर्षे हाच गढूळपणा माणसाच्या अंगात घालवणारा रेणू शोधण्यात गेली. तो सापडला नाही. निवृत्त होऊन मी गावी परतलो, आणि गाव मला 'फॉर्म भरून देणारे सहारे सर' एवढेच ओळखते.

संध्याकाळी गुणाबाईकडे गेलो. कॅप्सूल खरोखर नाल्यात गेल्या होत्या.

"सर, माह्या डोळ्यानं पाह्यलं मी," ती म्हणाली. "तुमी पुस्तकात पाह्यलं असन. मी नळीत पाह्यलं."

 मी एक पुडी मागितली. भस्म ओल्या तळहातावर घेतले, तर तळहात गार पडला. नाकाशी नेले, तर कडुनिंबाचा वास आला. मी पुडी खिशात घालून घरी आलो. माझ्या घरी हे सांगायला कोणी नसते.

पुढच्या रविवारी महाराज पुन्हा आले. तोवर दिव्यानीचे गुडघे दुखू लागले होते. तिला आईने कडेवर उचलून आणले होते. मी पुढे जाऊन म्हणालो, "महाराज, तिच्या रक्ताच्या तीन नळ्या करा. एकीत तुमचे भस्म टाका. दुसरीत मी काही टाकीन, तिसरीत मीठ."

"मीठ कशाले?" कोणीतरी विचारले.

"पांढरी दिसणारी कोणतीही चिमूट चालते की एखादीच, हे कळायला."

महाराजांना नकार देता येईना, कारण 'मी काही लपवत नाही' हे त्यांनीच आठ दिवस गावोगाव सांगितले होते. तिन्ही नळ्या गढूळ झाल्या. मिठाची तशीच राहिली. भस्माची स्वच्छ झाली. मी माझी चिमूट टाकली, आणि तिसऱ्यांदा हलवल्यावर तिच्यातूनही पाचही रेघा दिसल्या. ती नळी मी जवळच बसलेल्या अंजनाबाईच्या हातात दिली. साठ वर्षे दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत रोवणी करून झिजलेले ते हात.

"हे तर आमच्या खताचं गार हाये!" म्हातारी ओरडली. "खत फेकताना घामेजल्या हाताले असंच लागते. आन् वासई तोच! युरिया हाये रे हा, बाप्पाहो!"

"आपल्या मुखरूभाऊंच्या खताच्या पोत्यातला, कडुनिंबाचे तेल लावलेला," मी म्हणालो. "सकाळीच मूठभर मागून कुटला."

महाराजांनी दोन्ही हात वर केले. "युरियातही देवीच वास करते!"

"मंग कृषी केंद्रातच आरती कर ना, बाबा! आमाले उन्हात काऊन बसवलं?" म्हातारीने सुनावले.

हशा पिकला. मला वाटले, झाले. इतक्यात गुणाबाई उभी राहिली.

"पण सर, रेघा दिसल्या ना? युरिया का होईना, रक्त साफ झालं. मंग बाबा कशाले पायजे? मी पोट्टीले घरचा युरियाच चारतो!"

हशा थांबला. आजूबाजूच्या दोन-तीन बायांनी होकाराची मान डोलावली. लबाडी उघडी पडली होती आणि खोटे मात्र जसेच्या तसे उभे होते. त्याला आता महाराजांचीही गरज उरली नव्हती.

"बाई," मी म्हणालो, "नळीइतका युरिया दिव्यानीच्या अंगात भिनवायचा तर दीड-दोन किलो लागेल. ती त्याआधीच मरेल. पन्नास वर्षांपूर्वी परदेशात मोठ्या डॉक्टरांनी रुग्णांच्या शिरेतून युरिया देऊन पाहिला. नीट मोजल्यावर कळले, की काही उपयोग नाही."

"तुमाले काय मालूम, सर? तुमच्या घरी कोनाले हाये का हे?"

बत्तीस वर्षांत मी जे कोणालाही सांगितले नव्हते, ते त्या गर्दीत सांगितले.

"होते. माझा धाकटा भाऊ अश्विन. प्रयोगशाळेत एका झाडाच्या सालीच्या अर्काने अशीच नळी स्वच्छ झाली. मी नाचलो. त्याला पत्र लिहिले: औषध सापडले, घेऊन येतो. पावसाळ्यात त्याची छाती दुखू लागली. आई म्हणाली, दवाखान्यात चल. तो म्हणाला, दादाचं औषध येऊन राह्यलं. मी बाटली घेऊन पोहोचलो, तेव्हा मातीही देऊन झाली होती. तो एकोणीस वर्षांचा होता."

मी मिठाची गढूळ नळी उचलून धरली.

"मागाहून शोधले, तेव्हा चूक कळली. या नळीत तांबड्या पेशी आधीच फोडलेल्या असतात, दोष उघड्यावर असतो. अंगात तो पेशीच्या आत असतो. माझा अर्क पेशीत शिरतच नव्हता. नळी खोटे बोलली नव्हती, बाई. तिला जे विचारलेच नव्हते, ते मी तिच्या तोंडी घातले. नळी हा पहिला दरवाजा. तिथून पुढे गेलेले हजारो रेणू प्राण्यांत, निरोगी माणसांत, रुग्णांत नापास होतात. तुमच्या कॅप्सूलने ते सगळे दरवाजे ओलांडले आहेत."

"कॅप्सूलनं बरी होईन ती?"

खोटे बोलण्याचा मोह मला त्या क्षणाइतका कधी झाला नाही.

"नाही. दुखणे कमी वेळा येईल. शाळा कमी बुडेल. आज आपल्या तालुक्यात मिळणारे हेच आहे."

ती खाली बसली. महाराजांची जीप कधी निघून गेली, हे कोणाच्या लक्षातही आले नाही. लोक उठले आणि माझ्याकडे न बघता पांगले. त्यांचे मी काही चोरले नव्हते, तरी ते लुटल्यासारखे चालत होते. महाराजांनी प्रत्येकाला पाच रेघा दिल्या होत्या, आणि त्या बदल्यात माझ्याजवळ द्यायला फक्त 'कमी वेळा' हे दोन शब्द होते.

त्यानंतर आठ दिवस फॉर्म भरायलाही कोणी आले नाही. मी एकट्यापुरता भात शिजवत होतो, समोरच्या दाराकडे पाहत होतो. ते उघडे असे आणि तिथून मला कोणी हाक मारत नसे.

नवव्या दिवशी दिव्यानी लंगडत आली. हातात धानोऱ्याच्या दवाखान्याची नवी चिठ्ठी आणि कॅप्सूलचे पाकीट.

"आई म्हणे, सरले दाखव, डॉक्टरनं काय लिवलं ते वाचून घे."

मी वाचून सांगितले. तिने माझ्याच माठातले पाणी घेऊन कॅप्सूल गिळली आणि उंबऱ्यावर बसली.

"सर, नळीतल्या पेशी कोन फोडते?"

"द्रावणात साबणासारखा एक पदार्थ असतो, तो."

"मंग न फोडता आत जानारं औषध काऊन नाई बनवत?"

माझ्या गावात मला माझ्या कामाबद्दल कोणी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी वही काढली आणि पेशीचे चित्र काढायला बसलो. समोरच्या दारात गुणाबाई उभी होती. मला पाहून आत गेली नाही.

वाचकहो, कोणी तुमच्या डोळ्यांसमोर नळी स्वच्छ करून दाखवली, तर डोळ्यांवर अविश्वास दाखवू नका. फक्त पुढचे विचारा: किती माणसांना दिले, किती जणांना गुण आला, आणि ज्यांना दिले नाही त्यांचे काय झाले? हा प्रश्न महाराजांना विचारा, डॉक्टरांना विचारा, प्रयोगशाळेतल्या विद्वानालाही विचारा. आणि ज्याच्यावर तुमचा सर्वांत जास्त विश्वास आहे, त्याला सर्वांआधी विचारा. अश्विनने मला विचारले नाही, कारण मी त्याचा दादा होतो.