का, का आणि न्या

मित्रांनो, राज्य तीन पायांवर उभे असते, आणि ते तिन्ही पाय माझे आहेत.

त्यांतल्या एका पायाखाली खोकल्याच्या औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घातलेला आहे, ही गोष्ट वेगळी.

मी एक जुनी तिवई आहे. एका सुताराने पलंगाचे काम संपल्यावर उरल्यासुरल्या लाकडातून मला उभे केले. एक पाय पलंगाचा, दुसरा मोडीत काढलेल्या दाराच्या चौकटीचा, आणि तिसरा कुठला ते त्यालाही सांगता येईना. तो जरा आखूड भरला. सुताराने मला जमिनीवर ठेवले, एक डोळा मिटून लांबून पाहिले आणि म्हणाला, "तीन पायांची वस्तू डगमगत नाही. कलते फार तर." हे मला मिळालेले पहिले प्रमाणपत्र. ती स्तुती होती की तक्रार, हे मला अजून कळलेले नाही. पुढे ऐकाल तेव्हा तुमच्या लक्षात येईल की मला न कळलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत.

मी ज्या घरी आले ते दोन खोल्यांचे होते. घरात सासूबाई, त्यांचा मुलगा आणि सूनबाई. मुलगा लोकांच्या घरी जाऊन विजेची कामे करायचा आणि स्वतःच्या घरातला दिवा 'उद्या बघतो' म्हणायचा. सूनबाई दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसायची आणि गाल धरून आलेल्या माणसांना 'बसा, बोलावतील' म्हणायची. उरलेले सगळे सासूबाई करायच्या. डाळीचा डबा किती भरायचा, टीव्ही कधी बंद करायचा, गच्चीची किल्ली कोणाला द्यायची, हे त्याच ठरवायच्या.

त्या काळी माझी फार चलती होती. फळीवरचा डबा काढायचा तर तिवई. पडदा लावायचा तर तिवई. पाहुणे जास्त झाले की घरातला सगळ्यात गरीब माणूस तिवईवर. मग घरात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. त्यांना पाठ होती, हात होते, आणि एकीवर एक बसण्याइतका निर्लज्जपणाही होता. माझी रवानगी गॅलरीत झाली. माझ्यावर एक कुंडी ठेवली गेली. कुंडीतले झाड वाळले, तरी मला कोणी ऊठ म्हणाले नाही.

एके दिवशी सूनबाईने कुंडी खाली ठेवली, मला फडक्याने पुसले आणि आत नेले. "खुर्चीवर वाचायला बसलं की डोळा लागतो," ती म्हणाली. "हिला पाठ नाही, त्यामुळे मला तरी पाठ होईल."

मला वाटले, कुठली तरी कविता असेल. पण ती म्हणाली, "मी घटनेचा अभ्यास करतेय."

मी चपापले. घटना? या घरात कधी काही घडल्याचे मला आठवेना. एकदा दुधाचे पातेले उलटले होते, पण त्यावर एवढे जाड पुस्तक कोण लिहील? पुढे हळूहळू कळले की ही घटना घडत नसून पाळली जाते. निदान पाळावी असे पुस्तकात आहे.

सूनबाई संध्याकाळच्या वर्गात कायदा शिकत होती. तिला वकील व्हायचे होते. बाकीचे विषय सुटले होते, हा एकच राहिला होता. ती मोठ्याने वाचायची आणि मी खालून ऐकून ऐकून गोंधळायचे. 'मूलभूत हक्क' म्हणाली तेव्हा मी घरभर नजर फिरवली. भूत तर नव्हते, आणि मूल म्हणावे तर फार तर तिचा नवरा. एकदा ती म्हणाली, "घटनादुरुस्ती करता येते." मी आनंदाने आखूड पाय पुढे करून वाट पाहिली. कोणी आले नाही. ती दुरुस्ती म्हणे फार मोठ्या बहुमताने होते. एका पायासाठी एवढी माणसे कुठून आणायची?

पण मित्रांनो, तिचा गोंधळ माझ्याहून मोठा होता. तोंडी परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली तर नावच काढून टाकायचे, असा तिथला नियम होता. दोन्ही वेळा एकाच ठिकाणी घोडे अडले. कायदे करणारे वेगळे, ते अमलात आणणारे वेगळे आणि न्याय देणारे वेगळे, हे ती घडाघडा सांगायची. मग परीक्षकबाई चष्मा काढून विचारायच्या, "का?"

बस. त्या एका अक्षरापाशी सूनबाईची दातखीळ बसायची. पहिल्या वेळी ती "पुस्तकात आहे म्हणून" असे म्हणाली. दुसऱ्या वेळी तेवढेही सुचले नाही.

"मग सांगायचं ना काही तरी," नवरा म्हणाला.

"काय सांगू? मलाच कळत नाही का ते. एकाच हुशार माणसानं तिन्ही कामं केली तर लवकर नाही का उरकणार?"

"उरकेल की. आई नाही का करत?"

"गप बस आणि तो दिवा लाव," सासूबाई आतून म्हणाल्या.

तिसरी परीक्षा जवळ आली तशी सूनबाईने मला उलटे केले आणि खडूने पायांवर लिहून टाकले. लक्षात राहावे म्हणून पहिले अक्षर तेवढे. कायदेमंडळाचा 'का'. कार्यकारी मंडळाचा 'का'. आणि न्यायमंडळाचे 'न्या'. 'न्या' नेमके आखूड पायावर आले. यात माझा कसलाही टोमणा नाही.

आता माझी अवस्था पाहा. दोन 'का'पैकी कोणता कुणाचा, हे मला कधीच समजले नाही. मी पडले गोल. मला पुढची बाजू नाही की मागची नाही. केर काढताना सासूबाईंनी मला जरा फिरवले की सूनबाई कालच्या सरकारला आज कायदेमंडळ म्हणायची. मी मुकाट्याने दोन्ही कामे करत होते. नंतर कळले की घटनेत नेमकी यालाच मनाई आहे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी फरशी धुवायला काढली आणि मला बाहेर जिन्यात ठेवले. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरचे काका उतरत आले. ते घड्याळे दुरुस्त करतात म्हणून सगळे त्यांना टिकटिककाका म्हणतात. ते माझ्यापाशी थांबले. चष्मा वर केला. वाकून वाचले.

"का? का? न्या."

त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "बरं, नेतो," ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, आणि मला काखोटीला मारून वर गेले.

त्यांच्या खोलीत भिंतभर घड्याळे होती आणि प्रत्येकाचे मत वेगळे होते. माझ्यावर एक गजराचे घड्याळ उघडून ठेवले गेले. मला वाटले, बढती झाली.

खाली एव्हाना आकांत चालू झाला होता. सूनबाई दवाखान्यातून आली होती आणि मी जागेवर नव्हते. "माझी तिवई कुठंय? माझी सगळी घटना तिच्यावर आहे!" सासूबाईंचा चेहरा पडला. मला बाहेर त्यांनीच ठेवले होते. त्या जिन्याने ये-जा काकांचीच, म्हणून त्या तरातरा वर आल्या, मागून सूनबाई, तिच्या मागून हातात टेस्टर घेतलेला नवरा.

"हे बघा काका," सासूबाई दारातूनच गरजल्या, "जिन्यात ठेवलेल्या वस्तूला कोणी हात लावायचा नाही, असा नियम आहे. तुम्ही लावलात. म्हणजे तुम्ही चोर. महिनाभर गच्चीची किल्ली बंद!"

"अहो वहिनी, लिहिलं होतं न्या! वाचता येणं हा गुन्हा आहे का? आणि ओले कपडे घेऊन मी जायचं कुठं? माणसाला काही हक्क आहे की नाही?"

"चोराला कसला हक्क? पोरीची उद्या परीक्षा आहे आणि तुम्ही तिची तिवई पळवता? निकाल लागला. चला खाली."

"आई, एक मिनिट," सूनबाई म्हणाली. "त्यांचं ऐकून तरी घ्या."

"तू कुणाच्या बाजूची गं?"

"तुमच्याच. पण हा नियम केला कधी?"

"आत्ता."

"आणि त्यांनी मोडला कधी?"

"सकाळी."

"पकडलं कोणी?"

"मी."

"चोर कोणी ठरवलं?"

"मीच. दुसरं आहे कोण मोकळं?"

हरवलेले कानातले पायाखाली लागावे तसा सूनबाईचा चेहरा झाला. तिने एकदा सासूबाईंकडे पाहिले, एकदा काकांच्या हातातल्या ओल्या पंच्याकडे, आणि मग माझ्या पायांकडे.

"म्हणून," ती हळूच म्हणाली. "अगंबाई. म्हणून."

"काय म्हणून?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही जगातल्या सगळ्यात चांगल्या सासू आहात. माझी परीक्षा म्हणून स्वयंपाकसुद्धा मला करू देत नाही. तरी आत्ता काकांची काय दशा झाली बघा. तुमच्याविरुद्ध दाद मागायची तर तुमच्याकडेच!"

सासूबाईंना ही स्तुती आहे की तक्रार हे कळेना. त्यांचे मला अगदी पटले.

"मग न्याय कोण करणार? तू?" त्यांनी विचारले.

"मी कशी? तिवई माझी."

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिले. "मला यात ओढू नका," तो म्हणाला. "मी हिचा मुलगा आणि हिचा नवरा. कसंही बोललो तरी मरणार." काकांचे म्हणणे पडले की दोन्हीकडून मरणारा माणूस बराच निःपक्षपाती असतो. खोलीत बसायला दुसरे काही नव्हते. काकांनी गजराचे घड्याळ उचलले आणि नवरा माझ्यावर बसला. सूनबाईच्या पुस्तकात 'घटनापीठ' असा शब्द आहे. ते पीठ मीच, असे मला त्या दिवशी वाटले. ज्या वस्तूवरून भांडण तीच वस्तू न्यायासनही कशी, हे मात्र मी कोणाला विचारू शकले नाही.

नवऱ्याने दोघांचे ऐकले. कधी नव्हे ते मधे बोलला नाही. मग म्हणाला, "तिवई आपली. पण काका चोर नाहीत, जे लिहिलं होतं ते त्यांनी केलं. आईचा नियम उद्यापासून लागू. आणि किल्ली परत द्या, हो. आता जेवायला वाढता का?"

सासूबाईंनी कमरेची किल्ली काढून काकांच्या हातावर ठेवली. त्या वेळी त्यांचे तोंड पाहवत नव्हते. पण ठेवली.

दुसऱ्या दिवशी सूनबाई परीक्षेला गेली आणि सासूबाई माझ्यावर येऊन बसल्या. एरवी त्या खुर्ची सोडत नाहीत. दारात पाऊल वाजले की उठायच्या, पुन्हा बसायच्या. शेवटी सूनबाई आली आणि चपला न काढताच म्हणाली, "सुटला!"

परीक्षकबाईंनी चष्मा काढून "का?" विचारले होते. आणि सूनबाईने त्यांना जिन्यातली सगळी हकीकत सांगितली.

"माझं नाव घेतलंस?" सासूबाईंनी विचारले.

"नाही. एक फार प्रेमळ सत्ताधीश बाई म्हणून सांगितलं."

सासूबाईंनी मला पुसायला फडके घेतले, पायांवरचा खडू पाहिला आणि तेवढा सोडून बाकी मला लख्ख केले.

तर मित्रांनो, माझ्यासारख्या तीन पायांच्या जुन्या वस्तूंना जपा. एक पाय दोघांचे काम करू लागला तर त्याला 'का?' विचारा. आखूड पायाला हसू नका, त्याच्याखाली पुठ्ठा घाला. आम्ही कलतो, पण एकदम पडत नाही. आणि कुठला 'का' कुणाचा हे तुमच्यापैकी कोणाला कळले, तर मलाही सांगा.

तूर्त एवढेच करा. उद्या पुन्हा फरशी धुवायची आहे. मला जिन्यात ठेवाल तेव्हा 'न्या' तेवढे भिंतीकडे करून ठेवा.