घळीतली खुंटी काठावर गेली

मी खुंटी. हातभर लांब, लाकडाची, डोक्याला लाल रंग, त्यावर आकडा त्रेचाळीस. मला कुणी काही विचारलेलं नाही, तरी सांगणार आहे. घाईनं सांगते, कारण माती गळ्यापर्यंत आली आहे.

सुतारानं माझ्यासारख्या दोनशे जणी एका दिवसात तासल्या. टोक काढलं, डोकं रंगात बुचकळलं, पोत्यात कोंबलं. सांगितल्या जागी गप्प उभं राहायचं, एवढंच आमचं काम.

या उतारावर उन्हापासून वीज करणाऱ्या पॅनेलच्या रांगा बसायच्या होत्या. उतार मेला एका जागी धड नाही. कुठे फुगलेला, कुठे खचलेला. म्हणून दर वीस पावलांवर एक खुंटी ठोकायची, तिच्याशेजारी उंच पट्टी धरायची, आणि मोजणीवाल्यानं लांबून दुर्बिणीतून बघून तिथली उंची लिहायची. त्या आकड्यांवरून कंपनीच्या इंजिनियर मॅडम ऑफिसात नकाशा काढणार आणि पॅनेल पेलणारा कुठला खांब किती लांब हवा ते ठरवणार.

खुंट्या ठोकायला काकू होती. उताराच्या पायथ्याशी तिचंच घर, दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत तिची थोरली बहीण, अक्का, खाटेला खिळलेली. कमरेखाली जीव नाही, पण जिभेत दोघींचा.

माझी जागा नेमकी घळीत आली. अरुंद घळ, वरून गवत माजलेलं, लांबून दिसायचीही नाही. पण उतारावरचं सगळं पाणी तीच गोळा करते आणि काकूच्या घराला वळसा घालून खालच्या ओढ्यात सोडते. काकूनं मला तिथे ठोकायला घेतलं. खाली खडक. तिसऱ्या घावाला माझं डोकं चिरलं. दिवसभर वाकून तिचीही कंबर मोडलेली. तिनं मोजणीवाल्याकडे पाहिलं, तो लांब वहीत लिहीत होता. तिनं मला उपटलं आणि पाच पावलं वर, काठावरच्या मऊ मातीत रोवलं. पट्टीही तिथेच धरली.

खिडकीतून अक्का म्हणाली, "खुंटीला पाय फुटले वाटतं."

"तू पड गप. पाच पावलांनी काय आभाळ कोसळतंय?"

"तुझ्या कामात कोसळतं. लहानपणापासून बघतेय."

मला सांगायचं होतं, बाई, मला परत खाली ने. शेजारच्या दोघी वीस-वीस पावलं लांब, चांगल्या जमिनीवर. घळ बघणारी मी एकटीच होते. पण लाकडाला तोंड कुठलं? मोजणीवाल्यानं काठाची उंची लिहिली आणि नकाशातून घळ गेली.

माणसांचं हे मला कळत नाही. पायाखाली खड्डा असतो, पण कागदावर नसेल तर तो नसतोच.

दोन महिन्यांनी खांब आले, नकाशाप्रमाणे कापून. मशीननं ठोकले. सगळी रांग खांद्याला खांदा लावून उभी आणि घळीतल्या सहा खांबांची डोकी बाकीच्यांपेक्षा कमरेभर खाली. मुकादमानं नकाशा आडवा धरला, उभा धरला.

"नकाशात तर सरळ उतार आहे. म्हणजे जमीनच चुकली," तो म्हणाला. माणसं हसली. "घळ भरून टाका. दाबा आणि खांब परत ठोका."

काकू हसली नाही. घळ बुजली की उतारावरचं पाणी थेट मागच्या भिंतीवर येणार, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. त्या भिंतीला लागूनच अक्काची खाट. मॅडम त्या दिवशी पाहायला आल्या होत्या. काकू माझ्याजवळच त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, ही खुंटी मी हलवली. घळीतली होती. मला कामावरून काढा, पण घळ बुजवू नका."

मॅडमनी घळीतलं गवत पायानं बाजूला सारलं. "काकू, हे त्याच दिवशी सांगायचं. आणि मीही एकदा पायी फिरून जायचं होतं. तेव्हा लांब खांब मागवता आले असते."

"आता मागवा."

"खांबांच्या कागदांवर सह्या झाल्यात. माझ्या हातात नाही राहिलं."

"निदान खालून पाइप तरी टाका."

"पाइप नकाशात नाही," मुकादम म्हणाला.

मॅडम म्हणाल्या, वर पत्र लिहिते. लिहिलंही असेल. भराव दुसऱ्या दिवशीच सुरू झाला.

काकूनं खिडकीशी जाऊन अक्काला विनवलं, पुढच्या खोलीत चल. अक्का म्हणाली, "पुढच्या खोलीत चूल आहे, तू आहेस, माझी खाट मावते का तिथे? आणि भिंत गेल्यावर पुढची खोली काय हवेत राहणार आहे?" मग म्हणाली, "रडू नकोस. तुला ते शोभत नाही."

काकूला कामावरून काढलं नाही. भरावाची माती टाकायला तिलाच लावलं आहे. नाही म्हणाली तर दुसरी कुणी टाकेल, आणि घरात दोन तोंडं आहेत.

जमिनीचे नकाशे काढणाऱ्यांनो, उतारावरून एकदा पायी चाला. खुंटी ठोकणाऱ्या बाईला विचारा, इथे खाली काय लागलं. आम्हाला विचारून उपयोग नाही.

आता घळ भरली आहे आणि काठही झाकत आलाय. आत्ताच काकू वाकली. मला उपटेल असं वाटलं. तिनं माझ्या चिरलेल्या डोक्यावरची माती अंगठ्यानं पुसली, आकडा वाचला आणि पुढचं घमेलं माझ्यावर ओतलं.