पुंजाराम महाराजांची लाल बाटली

तिवस्याच्या पुढे, नागपूर रोडला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये तीर्थ रोज मिळे, पण गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. आत तखतावर पुंजाराम महाराज, बाजूला तीर्थाची निळी टाकी, आणि समोरच्या भक्तांच्या हातात पारदर्शक बाटल्या. बाटलीत तीर्थ नसायचं. तीर्थ प्यायल्यावर दुसऱ्या सकाळी रोग्याला झालेली लघवी असायची. बाटली आणायला ज्यांना लाज वाटे ते मोबाइलमधला फोटो दाखवत, आणि शेजारचे माना लांब करून तो भक्तिभावाने बघत.

"लाल आया, रोग गया," महाराज म्हणत आणि शेड जयजयकाराने दणाणून जाई. कॅन्सर तीर्थात विरघळून बाहेर पडतो, असं त्यांचं शास्त्र होतं. अट एवढीच, की अमरावतीच्या दवाखान्यात ज्या दिवशी केमोची सलाईन लागेल त्याच दिवशी तीर्थ घ्यायचं. आणि एकदा लाल दिसलं की पुढची सलाईन घ्यायची नाही, नाहीतर गेलेला रोग अपमान झाला म्हणून परत येतो. रोगालाही मानपान लागतो, हे तिवस्याला तेव्हाच कळलं.

जवळच्याच गावात भाजीचा मळा करणाऱ्या सत्यवतीबाईंना स्तनाचा कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी आधी चार लाल सलाईन सांगितल्या होत्या, दर एकवीस दिवसांनी एक. दोन झाल्या होत्या. तेवढ्यात डोक्यावरचे केस गेले, तोंड आलं, आणि जन्म कोथिंबिरीत गेलेल्या बाईला कोथिंबिरीच्या वासाने मळमळायला लागलं. दुसऱ्या सलाईनच्या दिवशी परतताना त्यांच्या नवऱ्याने, किसनरावांनी, गाडी शेडकडे वळवली. बाईंनी तीर्थ घेतलं. सकाळी लघवी लाल झाली. किसनराव बाटली घेऊन धावले, महाराजांच्या पायाशी ढसाढसा रडले आणि घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, की तिसरी सलाईन घ्यायची नाही.

खरं सांगायचं तर सत्यवतीबाईंनाही दोन दिवस हे गोडच वाटलं. ओकाऱ्या नाहीत, सुई नाही, असं कोणाला नको असतं? पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. पहिल्या सलाईननंतरही लघवी लालच झाली होती, आणि तेव्हा तर महाराजांचं नावही कोणी काढलं नव्हतं. किसनरावांना हे ठाऊक नव्हतं, कारण लघवीचा रंग हा काही आमच्याकडे नवऱ्याला सांगायचा विषय नाही. दवाखान्यातल्या प्रणाली सिस्टरने ती सूचना पडद्यामागे, कानात दिली होती. निर्णय घेणारा नवरा पडद्याबाहेर बाकावर बसलेला होता.

बाईंनी सिस्टरला फोन लावला. प्रणाली अमरावतीचीच, बोलायला सडेतोड.

"मावशी, औषधाचाच रंग लाल असते. एक-दोन दिवस लघवीतून निघते. कॅन्सरले काही रंग नसते."

मग तिने सगळं समजावलं. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतं. पण केसांची मुळं, तोंडातली आतली साल, रक्त तयार करणाऱ्या पेशी याही भराभर वाढतात, त्यामुळे त्यांनाही मार बसतो. चांगल्या पेशी सावरतात, केस पुन्हा येतात. त्यासाठीच मधे एकवीस दिवस सोडतात. मधल्या दिवसांत रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा टाकीतलं कच्चं पाणी अजिबात प्यायचं नाही आणि ताप आला तर एक तासही घरी काढायचा नाही. आणि सलाईन मधेच सोडली तर?

"एकदा निंदलं म्हणून वावरातलं तण संपते काय, मावशी?"

हे मात्र बाईंना लगेच पटलं. त्यांनी किसनरावांना सारं सांगितलं, अगदी पहिल्या वेळच्या लालसकट. पण भक्त माणूस असा हार मानत नाही.

"तवा मी मनातल्या मनात नवस बोललो होतो," ते म्हणाले. "त्याचाच गुण होता थो."

आता या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. बाई उठल्या आणि मळ्यात गेल्या. तिथे बीट काढणीला आलं होतं. किसनरावांनी आयुष्यभर बीट विकलं, पण मातीचा वास येतो म्हणून कधी तोंडाला लावलं नव्हतं. बाईंना मात्र ते खाल्लं की सकाळी काय दिसतं ते माहीत होतं. सगळ्यांना तसं होत नाही, पण बघायला काय जातं? तिसऱ्या सलाईनच्या आठवड्यात, मंगळवारी आणि बुधवारी, वांग्याच्या झणझणीत तर्रीत चार-चार बीटं वाटून गेली. तर्रीच लाल, कोणाला कळणार?

"गोड लागून राहिली जराशी," किसनराव बोटं चाटत म्हणाले.

"सलाईननं माह्या तोंडाची चव गेली, अंदाज चुकला असंन," बाई म्हणाल्या आणि अजून एक पळी वाढली.

गुरुवारी सकाळी किसनराव न्हाणीतून बाहेर आले ते पांढरेफटक होऊन. मलेही झाला काय, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. बाईंना त्यांची दया आली, पण दुसऱ्या दिवशी तिसऱ्या सलाईनची तारीख होती. त्यांनी शांतपणे रिकामी बाटली पुढे केली.

"चला, महाराजाले दाखवू. पण बाटली कोणाची हाये ते सांगू नका. त्याइले तर सारंच दिसते ना?"

महाराजांनी बाटली उजेडात धरली आणि डोळे मिटले. "बाईचा रोग मुळासकट निघाला. आता सलाईन बंद."

"महाराज," किसनराव म्हणाले, "बाटली माही हाये."

पण महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "ऐसा होता है, बेटा. बायकोचं दुखणं तू स्वतःवर ओढून घेतलं. आता तुझाही कॅन्सर गेला." अशा रीतीने किसनरावांना कॅन्सर झाला आणि बराही झाला, तोही एका दमात.

सत्यवतीबाईंनी पिशवीतून एक बीट काढलं आणि तखतावर ठेवलं.

"मंग याचाही काढा. याले तर लईच झाला हाये."

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी डोक्यावरचा रुमाल सोडला, टक्कल तसंच उघडं ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्या पुरुषांसमोर लघवीवर बोलल्या. तर्रीचं सांगितलं, औषधाच्या रंगाचं सांगितलं, सलाईनच्याच दिवशी तीर्थ का लागतं तेही सांगितलं.

"बायांनो, लाजू नका. तीर्थाच्या आंधी, पयल्या सलाईनले कोणाकोणाले लाल झाली होती?"

काहींनी पदर पुढे ओढले. मग एक हात वर आला, त्यामागे चार. शेवटी भिंतीला टेकून बसलेली बेबीताई उठली. महाराजांच्या शब्दावर तिने दोन महिन्यांपासून सलाईन सोडली होती आणि काखेतली गाठ पुन्हा हाताला लागत होती.

"मलेही झाली होती. घरी कोणाले सांगतलं नाई," ती म्हणाली आणि रडायला लागली.

महाराजांना तेवढ्यात समाधी लागली. पुढच्या गुरुवारी शेडला कुलूप होतं.

शुक्रवारी सत्यवतीबाईंना तिसरी सलाईन लागली. बेबीताईही सोबत आली होती. डॉक्टर तिला रागावले, मग स्वतः जवळ बसून त्यांनी नव्याने तपासण्या लिहून दिल्या. उशीर झाला होता. किती, ते तपासणीनंतरच कळणार होतं. किसनराव यावेळी बाकावर बसले नाहीत. उकळलेल्या पाण्याचा थर्मास घेऊन ते पडद्याच्या आत आले, नळीतून उतरणारं लाल औषध त्यांनी डोळे भरून पाहिलं आणि सिस्टरला विचारलं, लघवीचा रंग किती दिवस राहीन?

तर मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढं विचारा, की हे आधीही कधी झालं होतं का? आणि विचारायचंच तर घरातल्या बाईला विचारा. तिने ते बहुतेक आधीच पाहिलेलं असतं, फक्त तिला कोणी विचारलेलं नसतं.