माझ्या गळ्याची सोनोग्राफी

हिंगोलीत पंचवीस वर्षं मी लोकांना भूल देऊन राहिलो. औंढा, जवळा बाजार, कुठलाही पेशंट असो, दारातून आत आला की नुसती मान बघून सांगायचो, श्वासाची नळी सोपी जाईल का अवघड. म्हणून माझी ज्युनिअर डॉ. प्रियंका ऑपरेशनआधी गळ्याची सोनोग्राफी करायला लागली तेव्हा मी तिची लई थट्टा केली. "काय गं, गळ्यात लेकरू दिसून राहिलं का?"

मग माझ्याच पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशन ठरलं.

तिनं माझ्या गळ्याला जेल लावलं आणि मी, एवढा शहाणा माणूस, मान बारीक दिसावी म्हणून हनुवटी वर करून ताणली. शुगर तपासायच्या आधी दोन दिवस गोड सोडणाऱ्या पेशंटला मी रोज झापतो, बरं का!

"सर, मान सैल सोडा."

"सैलच हाय."

"नाही सर."

सोडली. पडद्याकडं बघून ती म्हणाली, "आत चरबी लई जाड आहे. झोपवल्यावर नळी गेली नाही तर श्वास देता येणार नाही. जागेपणीच दुर्बिणीनं टाकू."

जागेपणी! मी ताडकन उठून बसलो. "काही होत न्हाई. सरळ झोपव. तुझा सर सांगून राहिला ना!"

"आज तुम्ही पेशंट आहात."

मी मोठ्या आशेनं बायकोकडं, पुनमकडं बघितलं. ती म्हणाली, "घोरता घोरता यांचा श्वास बंद पडतो. मी कोपरानं ढोसते तवा चालू होतो. तिथं कोण ढोसणार? पोरी, तू म्हणतीस तसंच कर."

झालं! ऑपरेशनच्या टेबलावर घसा बधिर करून दुर्बीण नाकातून आत गेली. डोळ्यांतून पाणी, वर खोकला, आणि तोंडातून शब्द फुटेना. प्रियंकाला माझ्याकडून मिळालेली ही पहिलीच शांतता.

समोर पडद्यावर माझाच घसा होता. सगळीकडून दाटलेलं मांस. मी वाट शोधत होतो, एवढ्या वर्षांची नजर लावून. सापडेना. प्रियंकानं दुर्बीण जराशी वळवली, तेव्हा कुठं एका कोपऱ्यात श्वासनळीची बारीकशी फट दिसली.

माझ्या हाताखाली हा पेशंट असता तर मी त्याला केव्हाच झोपवला असता, आणि ती फट मला सापडली नसती. मी घाबरून प्रियंकाचा हात गच्च धरला.

"सर, हात सोडा," ती हळूच म्हणाली. "नळी टाकायचीय."