मेंढरं किती?

"शून्य," असं पुटपुटत रेणुकानं अकराव्या रकान्यात शून्य काढलं आणि दाराकडे बघून हाक मारली, "दत्तराव, बाहेर किती राहिले?"

"सतरा, म्याडम!" शिपायाचा आवाज आला.

समोर स्टुलावर चंदा बसली होती. येलदरीकडच्या मेंढपाळाची नात, वय दहा. तासभर पोरीनं तोंड उघडलं नव्हतं. ठोकळ्यांना हात लावला नाही, चित्रांकडं बघितलंही नाही.

तिला घेऊन आलेले बन्सीधर गुरुजी कंटाळले. "म्याडम, टाइम व्हायलाय. मतिमंद लिहून टाका की सरळ. सर्टिफिकेट मिळालं की तिचं तिला बरं, आमचं आमाला. वर्गाच्या निकालात धरावी लागत न्हाई."

रेणुकाच्या डोक्यात सणक गेली. तीन तालुक्यांत मनाची तपासणी करणारं माणूस एकटी ती. सरकारी दवाखान्यातली तिची खोली कसली, सलाईनच्या खोक्यांची अडगळ. पाटी लावली तर लोक तोंड झाकून येतात, काढली तर येतच नाहीत. मानसशास्त्र शिकताना चौघं एका बाकावर बसायची. भक्ती आता पुण्यात कंपनीसाठी माणसं निवडते. बुद्धभूषण तुरुंगात कैद्यांशी बोलतो. प्रीतम खेळाडूंच्या मनातली धास्ती काढतो. आणि रेणुका? पाथरीत तिची आई अजून सांगते, "आमची पोरगी याडं उतरविती." याडं कसली उतरवते! एका शब्दानं लेकराला जन्मभर शाळेबाहेर बसवायचा कागद तिच्या हातात असतो. आणि आज त्या कागदावर अकरा शून्यं होती. गुरुजींवर चिडून ती शून्यं थोडीच पुसणार होती?

सर्टिफिकेटच्या कागदावर अंगठा घ्यायला तिनं आजोबाला आत बोलावलं. येडबा खांद्यावरचं घोंगडं सावरत आला.

"बाबा, नातीला मोजताच येत नाही. पहिलाच सोपा प्रश्न विचारला, घरी मेंढरं किती? गप्पच बसली."

म्हातारा दचकला. "आसं इचारलं व्हय तुमी? बाई, मेंढरं मोजून सांगत्यात का कुठं! आमच्यात न्हाई मोजत. नजर लागती. हिनं आकडा सांगितला आसता तर मीच कान पिळला आसता."

"मग एखादं हरवलं तर कळतं कसं?"

"तोंडावरून. चंदे, परवा मेंढरं वाड्यात कोंडताना कोण न्हवतं?"

"कानफाटी," पोरगी पहिल्यांदा बोलली. "आन् तिच्यामागं जाती ती बोडकी. बाभळीखाली र्‍हायल्या व्हत्या. म्या आणल्या." मग आजोबाच्या आड सरकत म्हणाली, "आज्या, ही बाई लय वंगाळ इचारती."

रेणुकाचे कान तापले. पोरीच्या ओळखीचं विचारावं म्हणून तिनं तो प्रश्न मुद्दाम आधी घेतला होता. कापूसवाल्या शेतकऱ्याची लेक, मेंढपाळांचं सगळं ठाऊक असल्यासारखी विचारून बसली. तिथंच पोरीनं मनाचं दार लावून घेतलं. पुढची दहा शून्यं त्या लावलेल्या दाराची होती.

तिनं कागदावर आडवी रेघ मारली.

"म्याडम, आमची एस्टी—"

"जाऊ द्या. बाहेर बसा, गुरुजी."

ठोकळे घेऊन ती खाली फरशीवर बसली. चंदा आजोबाच्या आडून पुढं आली, खाली बसली. नक्षी जुळली. दुसरी जुळली. तिसरी रेणुकानं चुकीची मांडली, तर पोरीनं तिचा हात बाजूला सारून दुरुस्त केली. खडे मोजले, वाटून दिले. अक्षरं मात्र जेमतेम चार. वर्षातले सात महिने मेंढरांमागं जातात, अक्षरं कुठून येणार?

रेणुकानं लिहिलं: बुद्धी सर्वसाधारण. शाळा बुडते, त्याची सोय शाळेनं करावी. पहिली तपासणी माझ्या चुकीच्या प्रश्नामुळे रद्द. 'माझ्या' खाली तिनं रेघ ओढली.

गुरुजींनी आत येऊन कागद दोनदा वाचला. "मग निकालाचं काय करावं आमी?"

"शिकवा."

येडबा अंगठा पुढं करून उभाच होता. "कुठं उठवू, बाई?"

"आता नको, बाबा."

म्हाताऱ्यानं अंगठा धोतराला पुसला. शाई लागलेली नव्हती, तरी पुसला. चंदा त्याचं घोंगडं धरून निघाली.

"म्याडम, बाहेर अजून—" दत्तराव आकडा सांगू लागला.

रेणुकानं त्याला हातानं थांबवलं, स्वतः दारात गेली आणि बाकावरचं एकेक तोंड बघत राहिली.